पूजा थांबल्यावर काय उरते? हिवाळ्यातली दिल्ली आणि पावित्र्याचा प्रश्न

एखाद्या जागेचे पावित्र्य नेमके कशात असते, हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. ते दगडात असते, तिथे झालेल्या विधीत असते, तिथे घडलेल्या घटनेत असते, की तिथे येणाऱ्या माणसांच्या वागण्यात? ग्रंथांतली उत्तरे वेगवेगळी आहेत. प्रश्न डोळ्यांनी पाहायचा असेल तर मात्र दिल्लीसारखे दुसरे शहर क्वचितच सापडेल. राजधानीत देवळे, मशिदी, दर्गे, गुरुद्वारे आणि मकबरे अगदी जवळजवळ आहेत, आणि प्रत्येकाची अवस्था निराळी आहे. कुठे उपासना शतकानुशतके चालू आहे, कुठे ती कधीच थांबली, कुठे थांबून पुन्हा सुरू झाली, तर कुठे ती तिकिटाच्या खिडकीच्या आत नव्यानेच उगवली आहे.

दिल्ली पाहण्याचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा उघड्या फरशीवर पाय ठेवणेही कठीण. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या आणि विमाने रखडतात, हवाही वाईट असते. तरी नाताळाच्या सुट्टीत आणि प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे गर्दी लोटते. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, कमळ मंदिर आणि अक्षरधाम सोमवारी बंद असतात, त्यामुळे शनिवार-रविवारची सहल सोयीची पडते. या दोन दिवसांत जी ठिकाणे पाहून होतात, त्यांतली निम्मी तरी कुणाच्या ना कुणाच्या श्रद्धेची असतात. निजामुद्दीनच्या दर्ग्यात बूट काढावे लागतात. मथुरा रोड ओलांडून हुमायूनच्या मकबऱ्यात शिरले की तेच बूट पायात राहतात. दोन्हीकडे कबरीच आहेत. हा फरक कुठून आला, हे विचारले की मूळ प्रश्न समोर उभा राहतो.

शास्त्रांची उत्तरे आधी पाहू. हिंदू आगमांनुसार मूर्तीत देवत्व येते ते प्राणप्रतिष्ठेने. मूर्ती भंगली किंवा पूजा खंडित झाली तर जीर्णोद्धाराचे आणि पुनःप्रतिष्ठेचे विधी सांगितले आहेत. म्हणजे पावित्र्य आणता येते, जाऊ शकते, आणि पुन्हा आणता येते. इस्लामी धर्मशास्त्रातल्या अनेक पंडितांचे मत याहून वेगळे: एकदा मशीद झालेली जागा, तिथे नमाज होवो वा न होवो, मशीदच राहते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्ये असे मांडले की वस्तूत स्वतःचे पावित्र्य काहीच नसते. समाज एकत्र येऊन ते तिला देतो आणि आपल्या निषेधांनी ते जपतो. मिर्चा एलियाद या धर्माभ्यासकाला हे पटले नाही. त्याच्या मते पवित्र तत्त्व स्वतःच एखाद्या जागी प्रकट होते, माणूस फक्त ते ओळखतो. दिल्लीतली एकेक जागा या मतांपुढे ठेवून पाहता येते.

सुरुवात मेहरौलीच्या कुतुब परिसरापासून. बाराव्या शतकाच्या अखेरीस इथे कुव्वत-उल-इस्लाम मशिदीचे काम सुरू झाले. तिच्या पूर्व दरवाजावरचा लेखच सांगतो की २७ देवळांचे सामान तिच्यासाठी वापरले गेले. ओवऱ्यांतल्या खांबांवर घंटा आणि साखळ्या कोरलेल्या आहेत, तासून काढलेल्या आकृती आहेत. आज इथे ना पूजा होते, ना जमातीचा नमाज. संरक्षित स्मारकाबद्दल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे सर्वसाधारण धोरण असे आहे की ते ताब्यात घेताना जी उपासना चालू होती ती चालू राहते. जी नव्हती ती नव्याने सुरू करू दिली जात नाही. दोन धर्मांच्या तुटलेल्या धाग्यांवर हे धोरण तोडगा काढते. पण ज्यांना तो खांब पाहून दुःख होते आणि ज्यांना मशिदीची कमान पाहून, त्यांच्या दुःखाला या धोरणात जागा नाही, हेही खरे आहे.

याच अंगणात लोहस्तंभ उभा आहे: सुमारे ७ मीटर लांब, वजन ६ टनांहून जास्त. त्यावरचा गुप्तकालीन संस्कृत लेख ‘चंद्र’ नावाच्या राजाचा आहे. बहुतेक अभ्यासक त्याला दुसरा चंद्रगुप्त मानतात. हा विष्णूचा ध्वज म्हणून विष्णुपद नावाच्या डोंगरावर उभारला, असे लेखात म्हटले आहे. तिथून तो कधीतरी दिल्लीत आला. विष्णूची पूजा गेली, राज्ये गेली, तरी लोक त्याच्याजवळ येतच राहिले. खांबाला पाठ टेकायची, हात मागे नेऊन त्याला कवेत घ्यायचे, बोटांना बोटे लागली तर मनातली इच्छा पुरी होते, असा समज रूढ झाला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी माणसाच्या छातीच्या उंचीवर लोखंड घासून गुळगुळीत झाले, आणि घामाने तिथला गंजरोधक थर बिघडू लागला. १९९७ मध्ये त्याच्याभोवती लोखंडी कठडा घातला गेला. आता माहितीचे फलक न गंजणाऱ्या लोखंडाची गोष्ट सांगतात. आधी देवाचा ध्वज, मग नवसाचा खांब, आता धातुशास्त्राचा नमुना: वस्तू तीच, भोवतालची माणसे बदलली. इथे दुर्खीमचे म्हणणे पटते. पण त्या घासलेल्या पट्ट्याचे स्पष्टीकरण त्यात पुरते मिळत नाही. कुठल्याही पुरोहिताने, ग्रंथाने किंवा पंथाने सांगितले नसताना लोकांनी याच खांबाला हात का लावावा?

मेहरौलीच्याच वस्तीत, कुतुबपासून थोड्याच अंतरावर, ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांचा दर्गा आहे. चिश्ती परंपरेतले हे संत १२३५ मध्ये वारले. पर्यटकांच्या यादीत हा दर्गा सहसा नसतो, आणि ही मोठी उणीव म्हटली पाहिजे. कारण पूजा थांबलेली जागा पुन्हा कशी जिवंत होते याचे दिल्लीतले सर्वांत बोलके उदाहरण हेच आहे. फाळणीनंतरच्या दंगलींत इथले मुसलमान घरेदारे सोडून गेले, दर्ग्याच्या संगमरवरी जाळ्यांची मोडतोड झाली, उरूस भरेल की नाही अशी अवस्था आली. १३ जानेवारी १९४८ रोजी गांधींनी दिल्लीत आपले शेवटचे उपोषण सुरू केले. ते सोडण्याच्या अटींत एक अट या दर्ग्याची होती: ख्वाजांचा उरूस नेहमीप्रमाणे भरावा आणि मुसलमानांना तिथे निर्भयपणे जाता यावे. दुसरी अट अशी की शहरातल्या ज्या मशिदींची देवळे किंवा राहती घरे करण्यात आली होती, त्या परत द्याव्यात. १८ जानेवारीला निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांनी हमी दिली आणि उपोषण सुटले. २७ जानेवारीला, थंडीत, उपोषणाने खंगलेले गांधी स्वतः मेहरौलीच्या उरुसाला गेले. हिंदू आणि शीखही तिथे आले होते.

या प्रसंगात प्रश्नाचे एक उत्तर दडलेले आहे. गांधींना दर्ग्याची दुरुस्ती तेवढी पुरेशी वाटली असती तर सरकारी हुकमाने काम झाले असते. त्यांनी मागितली ती शेजाऱ्यांची हमी. भाविक घाबरून येत नसेल तर त्या जागेचे पावित्र्य शेजाऱ्याने मोडले आहे आणि ते परत आणण्याची जबाबदारीही शेजाऱ्याचीच, हा त्यामागचा विचार. पावित्र्याचा संबंध असा थेट न्यायाशी जोडणारी उदाहरणे धर्माच्या इतिहासात विरळा.

त्यानंतर तीनच दिवसांनी, ३० जानेवारीला, बिर्ला हाउसच्या हिरवळीवर प्रार्थनेला जाताना त्यांचा खून झाला. ते घर आता गांधी स्मृती म्हणून खुले आहे. खोलीपासून हिरवळीपर्यंत त्यांच्या शेवटच्या पावलांचे ठसे सिमेंटमध्ये उभे केले आहेत, आणि ते जिथे संपतात तिथे स्तंभ आहे. मारेकरी नथुराम गोडसे पुण्यातल्या एका वृत्तपत्राचा संपादक होता, ही गोष्ट मराठी पाहुण्याला इथे टाळता येत नाही, टाळूही नये. त्या हिरवळीवर ना मूर्ती होती, ना प्रतिष्ठापना. तिथे रोज अनेक धर्मांतल्या प्रार्थना म्हटल्या जात. आज लोक त्या ठशांच्या बाजूने चालतात, ठशांवर पाय देत नाहीत.

घटनेने पवित्र झालेल्या अशा जागा दिल्लीत आणखी आहेत. चांदणी चौकातला गुरुद्वारा सीस गंज साहिब, जिथे नोव्हेंबर १६७५ मध्ये औरंगजेबाच्या राजवटीत गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला, ही त्यांतली मोठी. एकाच रस्त्यावर लाल जैन मंदिर, गौरीशंकराचे देऊळ, सीस गंज आणि शेवटी फतेहपुरी मशीद अशी रांग लागते. तिथून चालत जाणे हेही एक शिक्षण आहे.

निजामुद्दीनकडे वळले की बूट काढण्याचा तो प्रश्न पुन्हा येतो. हजरत निजामुद्दीन औलिया १३२५ मध्ये वारले. त्यांचे शिष्य अमीर खुसरो यांची कबर त्याच अंगणात आहे. संताच्या सान्निध्यात दफन व्हावे या श्रद्धेने पुढे राजे, राजकन्या आणि कवी आजूबाजूला आले. हुमायूनचा मकबरा याच परिसरात बांधला जाण्यामागेही ही श्रद्धा आहे. १९९३ मध्ये मकबरा जागतिक वारशाच्या यादीत गेला. १९४७ मध्ये त्याच्या बागेत निर्वासितांची छावणी होती, हे तिथल्या शांततेत फिरताना सहज विसरले जाते. आता तिथे लोक वास्तुकला बघतात आणि दर्ग्यात दुवा मागतात. वसंत पंचमीला, थंडी ओसरू लागताना, दर्ग्यात मोहरीची पिवळी फुले आणून वसंत साजरा होतो. गुरूचे दुःख हलके करण्यासाठी खुसरोंनी ही प्रथा सुरू केली अशी आख्यायिका आहे. मकबऱ्याला अशी आठवण ठेवणारे कुणी नाही. राजाच्या कबरीभोवती वंश असतो, तो संपतो. संताच्या कबरीभोवती गरजवंत असतात, आणि ते संपत नाहीत.

पण गरजवंतांतही भेद होतो. दर्ग्याच्या आतल्या दालनात स्त्रियांना प्रवेश नाही. त्या जाळीबाहेर बसून प्रार्थना करतात. २०१८ मध्ये याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली. पावित्र्य राखण्याच्या नावाखाली माणसांना बाहेर ठेवण्याचा हा प्रकार कुठल्या एका धर्माचा नाही. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराच्या दरवाजाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तो पाच वर्षे चालूनही दरवाजा उघडला नाही. दिल्लीतल्या लक्ष्मीनारायण मंदिराचे, म्हणजे बिर्ला मंदिराचे, उद्घाटन १९३९ मध्ये गांधींनी केले ते सर्व जातींना प्रवेश असेल या अटीवर. ज्याला बाहेर ठेवल्याने जागा पवित्र राहते असे म्हटले जाते, त्याच्या दृष्टीने ती जागा अपवित्रच ठरते. या वादात बाहेर उभ्या असलेल्याची बाजू खरी आहे.

फिरोजशाह कोटला हे याच्या उलट टोकाचे ठिकाण. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने वसवलेल्या या किल्ल्यात तोपरा गावाहून आणलेला अशोकाचा स्तंभ आहे. त्यावरची ब्राह्मी लिपी १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी वाचली. अशोकाचा सातवा स्तंभलेख फक्त याच खांबावर आढळतो. संघ, ब्राह्मण, आजीविक, निर्ग्रंथ अशा सर्व पंथांकडे लक्ष देणारे अधिकारी नेमल्याचे अशोक त्यात सांगतो. पण गुरुवारी इथे जी गर्दी होते ती अशोकासाठी नसते. किल्ल्याच्या पडक्या तळघरांत जिन राहतात, असे लोक मानतात. धुराने काळ्या पडलेल्या कोनाड्यांत उदबत्त्या, गुलाबाच्या पाकळ्या, मिठाई आणि कागद ठेवलेले असतात. ते कागद म्हणजे अर्ज: वर नाव-पत्ता, खाली अडचण. नवऱ्याचे दारूचे व्यसन, मुलाची नोकरी, कोर्टातला खटला. एका अर्जाच्या अनेक झेरॉक्स काढून वेगवेगळ्या कोनाड्यांत ठेवल्या जातात, सरकारी कचेरीत एकेका खात्याला प्रत द्यावी तशा. अर्जदारांत मुसलमान आहेत तसे हिंदूही आहेत. मानववंशशास्त्रज्ञ आनंद विवेक तनेजा यांनी २०१७ मध्ये या जागेवर पुस्तक लिहिले. त्यांच्या मते इथे मोठ्या संख्येने लोक येऊ लागले ते १९७७ च्या सुमारास, आणीबाणी संपल्यावर. आणीबाणीत जवळच्या तुर्कमान गेटची वस्ती पाडली गेली होती. ज्यांचे सरकार ऐकत नाही ते जिनांना अर्ज करतात, हा अर्थ मनाला चटका लावतो. विधी, पुरोहित, मालकी यांतले काहीही नसताना एक पडका किल्ला पवित्र झाला, तो लोकांच्या गरजेने.

राष्ट्रीय संग्रहालयातही असेच काही घडते. उत्तर प्रदेशातल्या पिपरहवा येथे १९७० च्या दशकातल्या उत्खननात मिळालेले, बुद्धाचे मानले जाणारे अस्थिधातू तिथे आहेत, थायलंडने भेट दिलेल्या सोनेरी मंडपात. दालनात इतर वस्तूंसमोर लोक माहितीची पाटी वाचतात. या मंडपासमोर परदेशातून आलेले बौद्ध गुडघे टेकतात, सुत्ते म्हणतात. संग्रहालय त्यांना अडवत नाही, आणि तेच योग्य आहे.

बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात प्रश्न वेगळ्या वाटेने सुटतो. १६६४ मध्ये आठवे गुरू हरकिशन इथे, राजा जयसिंगाच्या हवेलीत राहिले. शहरात साथ पसरली होती. त्यांनी रोग्यांची सेवा केली आणि वयाच्या आठव्या वर्षी देवीच्या रोगाने त्यांचा अंत झाला. इथे येणाऱ्याला आधी डोके झाकावे लागते, जोडे जोडाघरात द्यावे लागतात, आणि दाराशी वाहत्या पाण्याच्या उथळ चरातून पाय धुऊन आत जावे लागते. जानेवारीच्या सकाळी ते पाणी अंगावर काटा आणते. जोडाघरात जोडे घेणारी, पुसणारी माणसे पगारी नसतात. ती सेवा असते. लंगरच्या पंगतीत कुणाला धर्म विचारत नाहीत, आणि हिवाळ्यात त्या पंगतीत उघड्यावर झोपणारेही असतात. पर्यटक इथे प्रेक्षक राहूच शकत नाही. बसला की तो पंगतीतला एक होतो, आणि पोळ्या लाटायला बसला तर सेवेकरी. मराठी माणसासाठी आणखी एक गोष्ट: गुरू ग्रंथ साहिबात संत नामदेवांची ६१ पदे आहेत. कीर्तनात कधी नामदेवांचे नाव कानावर पडले तर ते तेच, पंढरपूरचे.

कालकाजीजवळचे बहाई उपासना मंदिर, म्हणजे कमळ मंदिर, डिसेंबर १९८६ मध्ये झाले. आराखडा फरिबुर्ज सहबा यांचा. २७ पाकळ्या, नऊ दारे. आत मूर्ती नाही, प्रवचन नाही, वाद्य नाही. कुठल्याही धर्मग्रंथातले वाचन चालते. हजारो लोक रांगेत उभे राहून आत काही मिनिटे गप्प बसतात. ते त्यांच्या धर्माचे देऊळ नसते, तरी बसतात.

या सगळ्यावर एक मूलभूत आक्षेप आहे, आणि तोही दिल्लीतच लिहिला गेला. अलीपूर रोडवरच्या २६ क्रमांकाच्या घरात ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे निधन झाले. आदल्या रात्री ते ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकावर काम करत होते. त्या ग्रंथाची भूमिका अशी की धम्मात प्रार्थना, तीर्थयात्रा, कर्मकांड यांना स्थान नाही. माणसाने माणसाशी कसे वागावे ही नीती म्हणजेच धम्म. या दृष्टीने पवित्र जागेचा प्रश्नच गैरलागू ठरतो. जुने घर आता नाही. त्या जागी २०१८ मध्ये उघड्या पुस्तकाच्या आकाराचे स्मारक झाले. दर ६ डिसेंबरला तिथे लोक जमतात, चैत्यभूमीवर जमतात तसेच. तीर्थयात्रा नाकारणाऱ्या विचारवंताच्या जागेवर लोकांनी यावे यात विसंगती शोधणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे ठरेल. शतकानुशतके देवळाबाहेर ठेवलेल्या माणसांनी स्वतःची जागा निर्माण केली आहे, आणि तिथे ती नवस बोलायला येत नाहीत. वाचायला, पुस्तके घ्यायला आणि एकमेकांना भेटायला येतात.

ही ठिकाणे एकापुढे एक ठेवली की एलियाद आणि दुर्खीम या दोघांचेही म्हणणे अपुरे वाटू लागते. लोहस्तंभापाशी आणि कोटल्यात काहीतरी माणसांना ओढून घेते, ते समाजाच्या आज्ञेत बसत नाही. मेहरौलीच्या दर्ग्यात आणि नाशिकच्या दरवाजाशी मात्र दिसते ते हे की ओढ कितीही असली तरी जागा पवित्र राहणे न राहणे माणसे एकमेकांशी कशी वागतात यावर ठरते. यातून पाहुण्यावर एक कर्तव्य येते. आपण फक्त पाहायला आलो आहोत, असे त्याला म्हणता येत नाही. त्याचा आवाज, त्याचा कॅमेरा, दुवा मागणाऱ्या बाईच्या चेहऱ्यापासून त्याने ठेवलेले अंतर, या सगळ्यांनी ती जागा घडते किंवा बिघडते.

म्हणून हिवाळ्यात दिल्लीला जाणाऱ्यांनी यादीतली दोन ठिकाणे कमी करावीत आणि मेहरौलीचा दर्गा तिच्यात घालावा. जामा मशिदीत नमाजाच्या वेळी पर्यटकांनी बाहेर थांबायचे असते, तेव्हा कुरकुर न करता थांबावे. कोटल्यातल्या कोनाड्यांतले अर्ज उचलून वाचू नयेत, त्यांचे फोटो काढू नयेत. आणि कुतुबच्या खांबांवर नाव कोरण्याचा मोह कुणाला झालाच, तर १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.